न व्यालेल्या म्हशीचा खरवस

१२ एप्रिल
वडी बसली! तिसऱ्या दिवशी. चायना ग्रास — म्हणजे समुद्रातल्या शेवाळाचे पांढरे धागे — भिजवले, उकळून पार विरघळवले, मग आटवलेल्या दुधात साखर-वेलदोड्यासोबत ओतले. काल-परवा धागे अर्धे कच्चे राहिले होते. बायको, सविता, म्हणाली, "दुधात शेवया कुणी सोडल्या?" आज सुरी घातली — वडी थरथरली, पण मोडली नाही. जामखेडच्या माझ्या डेअरीत समुद्र आला की!

१५ एप्रिल
पाटीवर 'चायना ग्रास वडी' लिहिलं. दिवसभरात दोन खपल्या, त्यातली एक मीच खाल्ली. पुसून 'खरवस' लिहिलं. तासाभरात ट्रे रिकामा!

१९ एप्रिल
कान तिखट म्हणून माझा धंदा चालतो. बाकड्यावर दोघी कुजबुजत होत्या, "ऐन उन्हाळ्यात रोज चीक कुनाचा येतो गं?" मी गल्ल्यावरूनच ठोकून दिलं — "खर्ड्याच्या अजिनाथचा! चार म्हशी हायेत त्याच्या वस्तीवर." एकाच टोळीत ऊस तोडलाय आम्ही, तेच नाव तोंडात आलं.

२० एप्रिल
ट्रे रिकामा. झकास.

२७ एप्रिल
अजिनाथ आला. बसला नाही, पाणीही घेतलं नाही.
"आब्या, मी चीक इकला व्हय?"
खर्ड्यात बोभाटा — म्हैस व्याली, भावकीत लोटाभर चीक दिला नाही, सगळा जामखेडला विकला! त्याची चुलती पुष्पावती थेट वस्तीवर रेडकू बघायला गेली. चार म्हशी, रेडकू एकही नाही. तर म्हणे, "रेडकू बी इकलंस का रं?"
मला हसू फुटलं. त्याला नाही.
"माज्या बापानं चिकाचा कदी रुपाया घेतला न्हाई." एवढंच बोलला. गेला.
चीक वाटायचा असतो. हे मला कोणी शिकवायला नको होतं.

२८ एप्रिल
नवी पाटी — 'समुद्री शेवाळाची वडी. यात चीक नाही. अजिनाथचा तर मुळीच नाही.' तीच फटफटीला बांधली आणि खर्ड्याच्या वेशीत उभा राहिलो. वड्या फुकट वाटल्या, खोटं बोललो ते सगळ्यांना सांगितलं. पुष्पावतीकाकूंनी तीन खाल्ल्या. "म्हंजी शेवाळ चारलंस व्हय रं मला? … आन आनखी एक."
अजिनाथ लांबून बघत होता. जवळ आला नाही.

९ मे
शेवाळ म्हणून दुप्पट खपतंय! गहिनीनाथ मास्तर विचारतात, "उपासाला चालतं का?" म्हटलं, समुद्राला विचारून सांगतो.
अजिनाथ फोन उचलत नाही. माझाच फक्त.

१७ मे
सकाळी एसटीच्या कंडक्टरनं फडक्यात बांधलेला पितळी लोटा गल्ल्यावर ठेवला. आत चीक — दाट, पिवळसर.
"खर्ड्याच्या अजिनाथनं दिलाय. पहाटं म्हैस व्याली. भावकीत अजून वाटला न्हाई, पयला तुमाला. आन निरोप हाय — यात ते समुद्राचं गवत टाकू नको."