फीमाफीचा अर्ज

जळगाव जामोद,
जून १९६५

प्रिय कौतिका,

फीमाफीचे अर्ज वाटताना मी भर वर्गात म्हणायची, "नवबौद्धांनी उभं राहा." वर्गात पहिली येणारी तू त्या दिवशी उठलीच नाहीस. "सरकारची लाडकी!" असं मागून कुणी म्हणालं. मी दटावलं नाही. मलाही तेव्हा तसंच वाटे.

संध्याकाळी तुझी आई आली. "पोरगी आयकत नाही, बाई. अर्ज मले द्या, मी तिच्या बापाचा अंगठा आणतो."

मी म्हटलं, "वर्गात उभं राहील त्यालाच अर्ज. नियम सगळ्यांना सारखा." असा नियम कुठेच नव्हता. फी भरता आली नाही आणि आठवीतच तुझी शाळा सुटली.

मला ही नोकरी मामांच्या शब्दावर मिळाली. मला कुणी उभं केलं नव्हतं.

उद्या तुझ्या धाकट्या बहिणीचा अर्ज घेऊन तुमच्या घरी येतेय. हे पत्र मात्र आणणार नाही. वाचून तू लगेच माफ करशील, याचीच भीती वाटते.

तुझी म्हणवायला कचरणारी,
कुमुदबाई