अडखळत चालणारा डबा

प्रिय ताई,

आधी कबुली, मग खुशाली. आईचा प्रयोग मी नासवला. चुकून नाही हं, चांगला ठरवून, दार लावून, जीभ दातात धरून नासवला. तू म्हणशील, यात नवीन काय, भुंग्याने काही नासवलं नसतं तर ती बातमी झाली असती. पण थांब. या वेळी मी पकडला गेलो नाही, आणि त्यामुळेच माझा जीव जळतोय.

झालं असं, की आई सध्या आमच्या वर्गाला 'गती' शिकवतेय. शाळेत ती आई नसतेच म्हणा, मॅडम असते. घरी मला भांडी विसळायला लावणारी बाई तिथे माझ्याकडे असं बघते, जसं काही मी भाड्याने आणलेला मुलगा आहे. तर तिचं म्हणणं, व्याख्या घोकून काही होत नाही, गती डोळ्यांना दिसली पाहिजे. म्हणून तिने दुधाच्या पावडरीचा रिकामा गोल डबा घेतला आणि आपल्या घरातच पुढच्या खोलीपासून स्वयंपाकघरापर्यंत फरशीवर खडूने सारख्या अंतरावर रेघा मारल्या. डबा छोट्या उतरत्या फळीवरून आडवा सोडायचा, तो फरशीवर आला की सेकंदासेकंदाला टाळी वाजवायची. दर टाळीला डबा एक रेघ ओलांडतो. सारख्या वेळात सारखं अंतर, म्हणजे एकसमान गती. कागदावर आलेख काढला की सरळसोट रेघ येते. फरशी खरखरीत असली तर डबा हळूहळू मंदावतो, ते घर्षण. ढकलणं थांबलं तरी तो पुढे जातच राहतो, ते जडत्व. एवढंच आहे सगळं. मला पहिल्या फटक्यात कळलं होतं. पण मला विचारतंय कोण!

विचारायला अर्धा मार्क आहे ना. ही माझ्याच वर्गातली. एकदा पेपरात अर्धा मार्क कापला म्हणून ही आईच्या मागे जिना उतरून फाटकापर्यंत गेली होती, तेव्हापासून मी तिला हेच म्हणतो. शाळांचं विज्ञान प्रदर्शन आहे आणि आपल्या शाळेकडून ही जाणार आहे. म्हणून रोज शाळा सुटली की आईसोबतच घरी येते. तुझ्या खिडकीजवळच्या जागेवर बसते. वह्या अशा रचते की जणू भाडं भरलंय. आणि ताई, तिच्या गळ्यात काय असतं सांगू? स्टॉपवॉच! आई कॉलेजात धावायची तेव्हाचं, तेच. ज्याला आपण हात लावला की आई खेकसायची. बादलीत तोंड घालून मी श्वास किती वेळ रोखतो ते मोजलं, तर मला दोन दिवस ऐकून घ्यावं लागलं होतं. आणि ही ते गळ्यात अडकवून फिरते, मेडल मिळाल्यासारखी. आई तिला 'बाळा' म्हणते. मला 'अरे ए, रेघ पुसशील, लांबून जा'. माझ्याच घरात मला पाण्याच्या माठापर्यंत भिंतीला घासत जावं लागतं.

एकदा मी म्हटलं, मी डबा सोडू का? तर आई म्हणाली, "नको रे बाबा, तू काहीतरी वेगळंच करशील." बरं. मग म्हटलं, करूच वेगळं.

मामाचं टायरचं दुकान आठवतंय ना? सुट्टीत मी तिथे पडीक असायचो. चाकाच्या एका बाजूला जरा जरी वजन जास्त असलं तर चाक थरथरतं, म्हणून मामा समोरच्या बाजूला शिशाचा छोटा तुकडा ठोकतो. मी म्हटलं, आपण याच्या उलटं करू. चित्रकलेच्या तासाची माती उचलून आणली, तिचा चांगला मुठीएवढा गोळा केला, आणि आई भाजी आणायला गेली तेव्हा डब्याच्या आत, एकाच बाजूला, चिकटपट्टीने घट्ट बसवला. झाकण लावलं. बाहेरून डबा अगदी साळसूद. माझ्यासारखा.

संध्याकाळी आई भाजी निवडत होती आणि अर्धा मार्कने सरावासाठी एकटीनेच डबा सोडला. मी पडद्यामागे. ताई, तू असायला हवी होतीस! डबा एकदम सुसाट सुटला, मग मध्येच रेंगाळला, जणू काहीतरी विसरलाय, मग पुन्हा सुसाट, पुन्हा रेंगाळला. शेवटी स्वयंपाकघराच्या दाराशी थांबला, आणि थांबून चक्क मागे आला! जागच्या जागी डोलायला लागला. मी तोंडात रुमाल कोंबला. आता ही रडणार, आई धावत येणार, आणि मग ती रोजची हाक, "भुंग्याऽऽ!" मी तर बहाणाही तयार ठेवला होता.

पण ती पोरगी रडली नाही. तिने डबा उचलला, कानाशी हलवला, झाकण उघडून आत बघितलं, आणि हसली. झाकण परत लावलं, चारपाच वेळा डबा सोडून टाळ्या मोजल्या, आलेख काढला, आणि मग आईला हाक मारली. म्हणाली, "मॅडम, बघा. गोळा वर चढतो तेव्हा डबा मंदावतो, खाली येतो तेव्हा धावतो. सारख्या वेळात सारखं अंतर जात नाही, म्हणून ही असमान गती. रेघ सरळ नाही, पायऱ्यांसारखी आली. आणि शेवटी गोळा माथ्यापर्यंत पोचू शकला नाही, म्हणून डबा मागे आला." आई भाजीचे हात तसेच घेऊन उभी. मग असल्या जोरात "शाब्बास गं!" म्हणाली की शेजारच्यांनी डोकावलं. हा डबा आणि साधा डबा, दोन्ही शेजारी शेजारी प्रदर्शनात ठेवायचे, असं तिथल्या तिथे ठरलं.

पुढची गंमत ऐक. जाताना अर्धा मार्क दारात मला हळूच म्हणते, "तुझ्या आईने ना, माती लावून माझी परीक्षा घेतली. पण मी ओळखलं." आणि जेवताना आई मला म्हणते, "काय डोकं आहे त्या पोरीचं! डब्यात माती लावायचं सुचलं तरी कसं तिला!" म्हणजे हिला वाटतं तिने केलं, तिला वाटतं हिने. घरात तिसरं माणूस राहतं, हे दोघींच्याही डोक्यात आलं नाही.

फ्यूज उडाला, भुंगा. कुणाची तरी बेल वाजली, भुंगा. मांजर छपरावर अडकलं, भुंगा. आणि आयुष्यात एकदाच काहीतरी डोक्याचं झालं, तर भुंग्याचा साधा संशयसुद्धा नाही! इतका अपमान माझा कुणी केला नव्हता. मी घास खाली ठेवला, तोंड उघडलं, म्हटलं आता सांगतोच.

आणि सांगितलं नाही. का, तेच तुला कळावं म्हणून हे पत्र. तू नर्सिंगला गेल्यापासून आई उभ्यानेच जेवायची, ओट्याशी, पातेल्यातूनच. हे तुला कुणी कळवलं नसेल. बाबा रात्रपाळीला, मी एकटा ताट घेऊन बसायचो. मी कितीतरी नकला केल्या, पडूनसुद्धा दाखवलं, ती "हं" म्हणायची. ही पोरगी यायला लागल्यापासून आई ताट वाढून बसते. काल तर बोलत बोलत दोनदा भात घेतला. मी खरं सांगितलं तर अर्धा मार्कवाली लाजेने परत पाऊल ठेवणार नाही, आणि आई पुन्हा ओट्याशी. जे मला जमलं नाही ते तिला जमलं, याचा मला भयंकर राग येतो, अजूनही येतोय. पण रविवारी आई तुला फोनवर सगळं रंगवून सांगेल, आणि तू एका सेकंदात ओळखशील. ओळख, खुशाल ओळख, एका माणसाने तरी ओळखायला हवं. पण हसू नकोस, "हे भुंग्याचंच काम" असं बोलून जाऊ नकोस. "वा, हुशार मुलगी" एवढंच म्हण. ताई, तुझ्या पाया पडतो, आईला नको, बाबांना नको, मामालाही नको, कुणाला म्हणजे कुणालाच सांगू नकोस.

तुझाच,
भुंगा