बाजेफुडं बसलेला जवान

कुंडल, ११ फेब्रुवारी २०२४

चि. सयाजीस शालूआक्काचे अनेक आशीर्वाद वि. वि.

मी बरी हाय. फोनवर मला धड ऐकू येत न्हाई म्हणून लिवते, हसू नको.

तुजं दाजी घरी आल्यात. त्यास्नी वारून वरीस झालं तरी त्यांची बाज मी ओसरीच्या कोपऱ्यात तशीच ठेवलीया. आपला जवान कुत्रा त्या मोकळ्या बाजेफुडनं हालत न्हाई. टक लावून बघतो अन् मधीच हवेत तोंड मारतो, कुणी भाकरीचा तुकडा टाकावा तसं. दाजी असंच टाकायचं न्हवं का? त्याचं भुकणंबी घोगरं झालंय, दाजींच्या खोकल्यागत. अंगावर काटा येतो, पर भ्या वाटत न्हाई.

कुत्र्यानं मालकासाठी पाणी सोडलंय. वाटी दिसली की थरथरतंय, लाळ गळती. मी हातानं दूधभात भरवते. खुरपून हाताला भेगा पडल्यात, त्या चाटतो बिचारा.

माया हाय तशीच ठिव.
तुजी आक्का

कोरेगाव, १४ फेब्रुवारी २०२४

ती. आक्काच्या चरणी सयाजीचा सा. न. वि. वि.

हे पत्र घेऊन माझा राजवर्धन आलाय. गाडी दारात सुरूच ठेवायला सांगितलंय. वाचून झालं की ऊठ आणि गाडीत बस.

तुझं पत्र मी इथल्या जनावरांच्या डॉक्टरांना वाचून दाखवलं. भेगांपाशी त्यांनी मला थांबवलं. म्हणाले, "बाईंना आजच दवाखान्यात न्या."

जवान दाजींना बघत नाही, आक्का. तो पिसाळलाय. दिवाळीनंतर उसाच्या फडात परक्या कुत्र्याशी झुंजला, तवाची ही लागण. वर्षाला एक सुई पुरली असती. पण गावात लस टोचायला आले तवा, सुईनं कुत्रं मऊ पडतं म्हणून तू त्याला कडब्याच्या खोलीत कोंडलंस.

चावला नाही म्हणू नकोस. भेगेतनं लाळ गेली तरी तेच, आणि एकदा लक्षणं दिसली की माणूस हाती लागत नाही. दार ओढून घे, त्याच्या जवळ जाऊ नकोस. भांडायचं तर सांगलीच्या वाटेत राजवर्धनशी भांड.

माझा जीव तुझ्यात अडकलाय.
सयाजी

कुंडल, २२ फेब्रुवारी २०२४

चि. सयाजीस आशीर्वाद वि. वि.

सुया चालू हायत. जवान गेला. शेवटी त्यानं मला वळखलं न्हाई, बाजंलाच चावत हुता.

तुजं खरं झालं. पर माजं मालक दुसऱ्यांदा गेलं, ते तुला कुठलं कळायचं? बाज भिंतीला उभी केलीया. आता कुत्रं नगं.

राग धरू नको.
आक्का

कोरेगाव, ५ मे २०२४

ती. आक्कास सा. न. वि. वि.

तुझ्या सुया नीट पार पडल्या, जीव भांड्यात पडला. एकटी कुढत बसतेस म्हणून पिल्लू पाठवतोय. नाव रंगरूट. जंताचं औषध आणि सुयांच्या तारखा डॉक्टरांनी लिहून दिल्यात, एकही चुकवायची नाही. आजारी पडल्यावर नव्हे, धडधाकट असतानाच न्यायचं. पलटणीत दाजींना असंच टोचायचे. ते कुठं मऊ पडले?

रागव, पण पिल्लाला जीव लाव.
सयाजी

कुंडल, १८ ऑक्टोबर २०२४

चि. सयाजीस अनेक आशीर्वाद वि. वि.

रंगरूटच्या समद्या सुया झाल्या. मऊ कसला, पोस्टमनला अंगणात पाय ठेवू देत न्हाई!

काल शेंगा वाळवायला बाज आडवी केली. सांजंला बघते तर हा तिच्याफुडं बसलेला, टक लावून.  आधी पाण्याची वाटी फुडं सारली. सगळी चाटून पुसून पिला. तरी सकाळी डॉक्टरांकडं नेला. त्यांनी डोळं, दात, ताप, समदं तपासलं अन् म्हणाले, "आक्का, कुत्रं ठणठणीत हाय."

घरी आल्या आल्या हा परत बाजेफुडं गेला. शेपूट हालवली, अन् कुणी हात फुडं करावा तसा पंजा वर केला. सयाजी, पंजा द्यायला मी त्याला शिकवलं न्हाई. ते दाजी जवानला शिकवायचं.

आता ह्यावर तुजं डॉक्टर काय म्हणत्यात, विचारून लिव. घाई न्हाई. शेंगा मी खाली वतल्यात अन् बाजंवर चादर घातलीया.

आमी तिघं खुशाल हाय.
तुजी आक्का