पिवळ्या दिव्याची टोपी

५ ऑक्टोबर २०२५, रविवार

बाबांच्या मोटारसायकलवरची ताडपत्री आज काढली. चार वर्षांनी. आई दारात उभी राहून बघत होती. हँडलपासून आरशापर्यंत कोळ्याचं जाळं. सीटवर लाल धूळ बसलेली आणि मधे थोडा खळगा – जणू कोणी आत्ताच उठून पाणी प्यायला आत गेलंय.

का काढली ते लिहून ठेवतो. दर्शनाताई लग्न होऊन सदाशिवगडला गेली त्याला दोन वर्षं झाली. कारवारच्या अलीकडे, काळी नदीच्या काठावर. तिला सासू नाही. डॉक्टरनी प्रवास बंद सांगितलाय, तारीख दहा डिसेंबर. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, तर आता माहेरालाच तिच्याकडे जायला हवं. म्हणजे आईने. आणि आईला गाडी लागते! एसटीत उलट्या होतात, रेल्वेच्या बोगद्यात जीव घाबरतो, असं म्हणाली. काल भाकरी थापताना मान वर न करता म्हणाली, "तू मोटारसायकलने नेशील तर जाईन. नाहीतर राहू दे."

राहू दे कसं? ताई एकटी आहे तिथे.

७ ऑक्टोबर

नवीन वही घेतली. पट्टीने तीन रकाने आखले – महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक. डावीकडे वस्तू: आरसे, हॉर्न, सायलेन्सर, नंबरप्लेट, साडीगार्ड, मागच्याचं हेल्मेट, मागचा लाल दिवा, परावर्तक. (परावर्तक दोनदा लिहून बघितलं, मग शाईने.)

मिरजोळ्याच्या शेडमध्ये सगळे हसतात. ग्रिल वेल्डिंग करणाऱ्याला एवढे नियम कशाला, म्हणतात. त्यांना सांगत बसत नाही. इथे लिहितो, एकदाच. बाबा चिपळूणहून येत होते. सावर्ड्याला रस्त्याच्या कडेला टेम्पो उभा होता. संध्याकाळचे सात. टेम्पोला मागे लाल काच नव्हती. एवढंच. एका काचेएवढी गोष्ट.

त्यानंतर मी अकरावी सोडली. शेडची स्कूटर चालवतो, पण हातखंब्याच्या पुढे कधी नेली नाही. हातखंब्याला हायवे लागतो. तिथून परत फिरतो.

११ ऑक्टोबर

आरटीओबाहेर एजंट बसतो त्याच्याकडे गेलो. माझे तेवीस प्रश्न होते. सातव्याला त्याने चहा सांगितला, बाराव्याला पेन खाली ठेवलं. "गाडी नेतोयस की वरात?"

त्याचं म्हणणं असं – कायदा देशभर एकच, बघणारे डोळे वेगळे. नव्या नंबरप्लेटची मुदत इकडे पुढे सरकते आहे, तिकडे म्हणे केव्हाच बघायला लागले. मागे बसणाऱ्याच्या हेल्मेटचं इकडे क्वचित विचारतात, कर्नाटकात विचारतील. आणि गोवा? गोव्याचं तो म्हणाला, नशीब. मी रकान्यात 'नशीब' लिहिलं. घरी येऊन खोडलं. असं कसं लिहायचं?

मग त्याने बाबांच्या पिवळ्या दिव्याकडे बोट दाखवलं. तो जादा दिवा आहे, कंपनीचा नाही, कोणीही त्यावरून अडवेल. काढून टाक.

आंबा घाटातल्या धुक्यासाठी बाबांनी दोन पिवळे दिवे बसवले होते. उजवा सावर्ड्याला फुटला. डावा तसाच आहे, ओरखडासुद्धा नाही. घरी येऊन पाना लावला. अर्धा फेरा फिरवला. मग पुन्हा घट्ट केला.

१९ ऑक्टोबर, रविवार

आईसाठी हेल्मेट आणलं. आयएसआयचा शिक्का तीनदा तपासला. ते आईच्या अंबाड्यावर बसतच नव्हतं, देवळाच्या कळसासारखं वर राहत होतं. आईने शांतपणे अंबाडा सोडला आणि वेणी घातली. तिला वेणीत मी कधी बघितलंच नव्हतं.

सवय व्हावी म्हणून दुपारी हेल्मेट घालूनच बांगडे तळले. काचेवर वाफ जमली. आतून म्हणाली, समुद्राच्या पोटात बसल्यासारखं वाटतंय, तेलाचा आवाज लांबून येतोय. मी उंबऱ्यात बसून बघत होतो. धूर, ऊन, आणि मधे पांढरं गोल डोकं बांगडे उलटतंय. चंद्रावर कोणी स्वयंपाक केला तर असाच दिसेल.

२६ ऑक्टोबर

पहाटे स्वप्न पडलं. एक सीमा होती, शाईने आखल्यासारखी. पलीकडचे शिपाई प्रेमाने एकेक वस्तू काढून घेत होते – हे आमच्याकडे चालत नाही हां. आरसे काढले, दिवे काढले, टाकी काढली, चाकं काढली. मी काही न म्हणता देत गेलो. शेवटी नुसती सीट उरली, आणि ती जमिनीपासून वीतभर वर तरंगत पुढे चालली. मागे कोणी तरी बसलं होतं. वळून बघायला आरसा नव्हता.

जागा झालो तर वाईट वाटत नव्हतं.

२ नोव्हेंबर, रविवार

शेडचं जुनं गिऱ्हाईक, गुलाम रसूल चाचा, गेटचं माप द्यायला घरी आले. अठरा वर्षं आखातात ट्रेलर चालवला, हे मुलूख ते मुलूख. अंगणात गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, वही बघितली, तीन रकाने बघितले, हसले नाहीत. हसले नाहीत हे फार बरं वाटलं.

त्यांनी सांगितलं – एका मुलखात त्यांची काळी काच चालायची, पुढच्यात नाही. मग सीमेवर वाळूत उभं राहून ब्लेडने काच खरवडायची. परतताना ऊन सोसवत नाही म्हणून पुन्हा कागद चिकटवायचा. एका वर्षात अकरा वेळा! शेवटी त्यांनी पडदा शिवून घेतला. लावला की काळी काच, काढला की पांढरी.

"पोरा, सगळं काढून टाकलंस तर गाडी तुझी राहील का?" म्हणाले. "दिव्याला टोपी घाल. रस्त्यावर झाकलेला दिवा कोणाच्या डोळ्यांवर येत नाही."

आईने ऐकलं असणार. ते गेल्यावर तिने ट्रंक उघडली. बाबांच्या तपकिरी शर्टाचा खिसा उसवला, कडेने नाडी ओवली. खिसा दिव्यावर असा बसला की माप घेऊन शिवलाय वाटावं. बटणसुद्धा तसंच ठेवलंय.

रकान्यात लिहिलं: पिवळा दिवा – झाकलेला. तिन्ही ठिकाणी तेच. पहिल्यांदाच तिन्ही रकान्यांत एकच उत्तर आलं.

९ नोव्हेंबर

ताईचा फोन. आईला गाडी लागते म्हणून मोटारसायकलने येतोय हे सांगितलं, तर म्हणाली, "आईला गाडी लागते? कधीपासून?" मग तिला खोकला आला की हसू, कळलं नाही. लग्न झाल्यावर माणसं माहेरच्या बारीक गोष्टी विसरतात.

हॉर्न बदलायचा राहिलाय आणि साडीगार्डचा एक बोल्ट जुना आहे, म्हणून पुढच्या आठवड्यात निघू म्हटलं. ती म्हणाली, "तू नियम पूर्ण कर. मी बाळ पूर्ण करते. बघू कोण आधी."

१३ नोव्हेंबर

हॉर्न बदलला. जनीमावशीचा बुरोंडीहून निरोप आला, इतके दिवस झाले, एकदा तरी या. आईने माझ्याकडे बघितलं. बुरोंडीला जायचं तर वाट सावर्ड्यावरून जाते. मी म्हटलं, आधी दक्षिणेचं होऊ दे.

१७ नोव्हेंबर

टायरमधली हवा. पुन्हा हवा. पीयूसी काढलं. मागचा ब्रेकदिवा भिंतीवर लाल पाडून बघितला, चाळीस वेळा. कालचं निघणं रद्द केलं – एका आरशाला किंचित हेलकावा आहे.

२२ नोव्हेंबर

भावोजींचा फोन. डॉक्टर म्हणतात, तारखेच्या आधीही होईल. ताई घाबरली आहे, पण दाखवत नाही. रात्री शेजारच्या बायका येऊन बसतात तिच्याजवळ.

मी वही उघडली. अजून नऊ गोष्टी.

२३ नोव्हेंबर, रविवार. पहाटे

उठलो तर आई अंगणात. हेल्मेट घालून, पिशवी मांडीवर घेऊन, स्टँडवर लावलेल्या गाडीच्या मागच्या सीटवर बसलेली. दव पडलं होतं. कधीपासून बसली होती कोण जाणे.

"मी बसलेय," म्हणाली. "तू वाच तुझी यादी."

वाचायला गेलो. अक्षरं दिसेनात. निघतोय.

बांदा, दुपारी साडेबारा

हातखंब्याला वेग आपोआप कमी झाला. आईने पाठीवर तळवा ठेवला, तो राजापूरपर्यंत काढला नाही. आता इथे चहा. पुढे गोवा. आईला एकदाही उलटी नाही. मोकळी हवा लागते म्हणून असेल.

२४ नोव्हेंबर, सदाशिवगड

पोचलो. कालचं सगळं लिहायचंय पण ते ओल्या कागदासारखं एकात एक मिसळलंय.

पत्रादेवीला राज्य बदललं. मला वाटलं होतं काहीतरी होईल, निदान कानात दडा बसेल. आईने मागून विचारलं, गेला का महाराष्ट्र? गेला म्हटलं. मग म्हणाली, माती तर आपलीच दिसतेय. खरंच, तोच जांभा, तसेच काजू, कुंपणावर तशीच वाळत घातलेली लुगडी. दिव्यावर टोपी होती. जुवारीच्या पुलावर इतका वारा की तिचं बटण टकटक वाजत होतं. खाली पाणी, वर पुलाच्या ताणलेल्या तारा, आणि आई काहीतरी गुणगुणत होती. हेल्मेटमधून शब्द कळेनात, नुसता आवाज पाठीत शिरत होता. गोव्यात आम्हाला कोणीही थांबवलं नाही. एवढा मोठा रकाना!

थांबवलं ते गोव्याच्या टोकाचा पोळ्याचा नाका ओलांडल्यावर, कर्नाटकात. एक पोक्त पोलीस, मिशा पिकलेल्या. कागद बघितले. आईचं हेल्मेट बघितलं, मान हलवली. मग वाकून दिव्याची टोपी उचलली.

"ह्याला टोपी कशाला?" मोडक्या मराठीत.

मी तयार केलेली उत्तरं कुठे गेली माहीत नाही. मी भलतंच सांगायला लागलो. बाबांचा दिवा आहे, दोन होते, एक फुटला, सावर्ड्याला टेम्पो उभा होता, त्याला मागे लाल काच नव्हती – थांबताच येईना. जे कधी कोणाला बोललो नाही ते रस्त्यावर उभं राहून एका परक्या पोलिसाला. आई मागे बसून ऐकत होती.

त्याने ऐकून घेतलं. टोपी परत नीट बसवली, नाडीसुद्धा बांधली. मग गाडीच्या मागे गेला आणि म्हणाला, "ब्रेक दाब."

दाबला.

मी त्याला बघू शकत नव्हतो. फक्त आरशात त्याची पांढरी बाही लाल झालेली दिसली.

"लागतो," म्हणाला. "जा सावकाश."

पुढे अर्धा किलोमीटर गेलो आणि गाडी बाजूला घेतली. हेल्मेटची काच वर केली. आई उतरली नाही. तिचं डोकं माझ्या पाठीला लागलं – हेल्मेटवर हेल्मेट नाही, पाठीला – आणि तशीच बसून राहिली. समोर एक नारळाची बाग होती. झावळ्या हलत होत्या, आवाज येत नव्हता.

ताई दारात उभी होती. पोटावर दोन्ही हात. आईला वेणीत बघून रडायचं सोडून हसायला लागली.

२६ नोव्हेंबर

एकटा परत आलो. मागची सीट मोकळी असली की गाडी हलकी होते असं वाटलं होतं. होत नाही.

३ डिसेंबर

मुलगी! काल पहाटे. ताई बरी आहे. आईने फोन बाळाच्या तोंडाजवळ धरला होता, ते शिंकलं. शेडमध्ये पेढे वाटले. गेट बघायला आलेल्या चाचांनी विचारलं, वही कुठे आहे? शोधायला गेलो तर सापडेना. मग आठवलं, शोधलीच नव्हती दहा दिवस.

४ जानेवारी २०२६

सव्वा महिना झाला की आईला आणायला जायचं. अकरा तारखेचा रविवार ठरवलाय. टायर बघितले, एकदाच.

८ जानेवारी, गुरुवार

शेडमधून आलो तर दाराला कुलूप नाही. आई चुलीपुढे. एकटीच आली, रेल्वेने. हेल्मेट हातात धरून आणलं, त्यात ताईने दिलेल्या चिक्क्या. मी विचारलं, बोगदे? म्हणाली, "खिडकीची जागा मिळाली. बोगद्यात काय गार वाटतं रे."

मी तिच्याकडे बघत राहिलो. ती भाकरी उलटत राहिली.

मग म्हणाली, रविवार तुझा मोकळाच आहे. बुरोंडीला जाऊ, सावर्ड्यावरून.

दिव्याची टोपी काढून ठेवली.