तीन टिंबांचा वारस

मी, खाली सही करणारा, वय तेवीस, शिक्षण तिसऱ्या वर्षातून सोडलेले, उद्या सकाळी अपेंडिक्स काढून घेणार असून आज पूर्ण शुद्धीत आहे. ताई सोडल्यास माझ्यावर कुणाचेही दडपण नाही. माझ्यामागे असे व्हावे:

१. बाबांना माझा संगणक. कॉलेज सोडले तेव्हा म्हणाले होते, "हे बडवून पोट भरणार आहेस?" भरले, बाबा. थोडे दिवस.

२. माझा भागीदार, ज्याला खिशात दमडी नव्हती तेव्हापासून आम्ही 'शेठ' म्हणतो, त्याला काहीही नाही. गॅरेजवरच्या खोलीत आम्ही तिघांनी निरोपांचे अ‍ॅप उभे केले. मी कोड लिहायचो, ती, म्हणजे आमची तिसरी भागीदार, चुका शोधायची, शेठ फोनवर गोड बोलायचा. समोरचा उत्तर लिहितोय हे दाखवणारी तीन टिंबे माझी. ती मला उत्तर लिहिते आहे की नाही हे कळावे, एवढ्यासाठी केलेली. लोकांनी त्या टिंबांपायी अ‍ॅप डोक्यावर घेतले. पुढे मी भांडून बाहेर पडलो, वाटा तेवढा राहिला. गेल्या आठवड्यात मोठ्या कंपनीला ते विकताना शेठ म्हणाला, "टिंबं मला सुचली." बातमीतल्या फोटोत त्याच्या अंगावरचा कोटही माझाच. तो धुऊन परत घ्यावा.

३. विक्रीतला माझा वाटा तिला, शेठशी लग्न न करण्याच्या अटीवर. दोघे एकदमच ऑनलाइन येतात, एकदमच जातात. मी दुधखुळा नाही.

४. ताई वकिलाकडे टायपिंग करते. ज्याला काही मिळायचे त्याने साक्षीला सही केली तर त्याचे मिळणे बुडते, असे ती सांगते. म्हणून साक्षीदार ताईला काही नाही. दुसरी सही शेजारच्या खाटेवरचे काका करणार होते.

५. एवढ्यात ती आली. वरचे सगळे वाचले.

"अपेंडिक्स काढतायत ना? की मेंदू आधीच काढला?"

"मग एकदम ऑनलाइन कशाला?"

"तुझा वाटा कापत होता तो. भांडत होते मी त्याच्याशी, मूर्खा! काका, पेन द्या इकडे."

ताई म्हणाली, "अगं, सही केलीस तर तुझं बुडेल."

"बुडू दे. मला अट घालणारा अजून जन्मायचाय."

तिसरे कलम बुडाले, असे ताई म्हणते. बुडो. अट मात्र मी खोडणार नाही.

सही: मी स्वतः

साक्षीदार:
१. थोरली बहीण (चिडून)
२. ती (सगळे वाचून, समजून)

स्थळ: पुरुषांचा वॉर्ड, खिडकीजवळची खाट
दिनांक: ऑपरेशनच्या आदल्या दिवशीचा, भेटीची वेळ संपता संपता