बोटातलं आणि शिरेतलं

प्रिय प्रतीक्षा,

तुला आणि घरच्या सगळ्यांना माझा आशीर्वाद. फोन असताना पत्र कशाला, म्हणशील. फोनवर तुझी आई शेजारच्या बाजेवर पडून सगळं ऐकत असते. अंगणात जाऊन बोललो तरी तू "बाबा, कसं आहे?" म्हटलंस की माझ्या तोंडून "बरं आहे" असंच निघतं. लिहिताना निदान तू मधे विचारत नाहीस. सातवीत शाळा सोडलेला माणूस मी, अक्षर लागलं नाही तर सावकाश वाच.

आईला रक्त चढवून आणलं तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, हाडात रक्त तयार होतं ते काम आता थकलं आहे, दिलेलं रक्त किती टिकतं ते बघत राहायचं. म्हणून उपकेंद्राच्या नर्स प्रेरणाताई दर आठवड्याला घरी येतात. मुठीएवढं मशीन असतं त्यांच्याजवळ. बोटाला टोचतात, थेंब पट्टीवर घेतात आणि अंगात रक्त किती ते आकड्यात दिसतं. बाईमाणसाचं बारा तरी असावं म्हणतात. आईचं दवाखान्यातून आलो तेव्हा आठ होतं. मग सात. मग पाच पॉइंट आठ.

मला ते पटलं नाही. आई उठून बसते, लसूण सोलते, आणि पाच? मी म्हटलं, सेल उतरला असेल. चिखलीहून नवा आणून दिला. तोच आकडा. म्हटलं, बोट गार होतं. गरम पाण्यात धरायला लावलं. तोच. मग माझं बोट पुढं केलं, तर माझं तेरा. तरी भरवसा येईना, म्हणून शेजारच्या उकंडरावला बोलावलं. त्याचं साडेपंधरा. तो म्हणतो, "अर्धं काढून वहिनीले देऊन टाक, कडूबा. मले कोठं कुस्ती खेळाची हाये!" सगळे हसले, आईसुद्धा हसली. मला हसू आलं नाही. मशीन त्याच्यावर एवढं मेहेरबान आणि आमच्यावरच का नाही, हेच डोक्यात.

प्रेरणाताई वैतागल्या. "आबा, तुमच्या मनासारखा आकडा पाह्यजे असंन तं मशीन कायले आणू मी?" पण बाई मायाळू आहे. पुढच्या खेपेला एक इवलीशी बाटली घेऊन आली. आत रक्तासारखं लाल पाणी असतं, त्याचा आकडा बाटलीवर छापलेला असतो. मशीननं तोच दाखवला तर मशीन नीट. मी पुन्हा पुन्हा थेंब टाकायला लावला. दर वेळी नीटच. आई बाजेवरून म्हणाली, "रगत मले नाही, त्या बिचाऱ्या मशीनले काऊन तरास देता?"

तरी मी ऐकेना. शेवटी प्रेरणाताई मशीन घेऊन आमच्याबरोबर चिखलीला आल्या. लॅबमध्ये शिरेतलं रक्त काढायचं, त्याच वेळी बोटातलं मशीनवर घ्यायचं आणि दोन्ही ताडून बघायचं. जीपमध्ये आईनं सगळा रस्ता माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं होतं आणि मी मनात जुळवत होतो, लॅबचा आकडा आठ-नऊ आला की ताईंना काय काय सुनवायचं.

बोटातलं पाच पॉइंट सहा आलं. शिरेतलं चार पॉइंट नऊ.

मी विचारलं, खरं कोणतं? ताई म्हणाल्या, "शिरेतलं, आबा. बोटातलं थोडं मागंपुढं येते." म्हणजे फरक होता, पोरी. मी म्हणत होतो तो फरक होताच. पण मशीन आपल्या बाजूनं झुकत होतं.

डॉक्टरांना तिथूनच फोन लावला. ते म्हणाले, आणा, पुन्हा रक्त देऊ, पण या वेळी आधीपेक्षा कमी टिकेल. परतताना आई म्हणाली, "आता बास. मले सुई नको." मी समजवायला लागलो, तर म्हणते, "तुमी मशीन तपासू तपासू थकले नाही, मी थकली." आता ती दिवसभर झोपूनच असते. ओठ पार पांढरे पडले आहेत. लसणाची टोपली मी उचलून ठेवली.

तुला मी फोनवर सांगत आलो, मशीन खराब आहे, काळजी करू नको, कुलदीपची बारावीची परीक्षा झाली की ये. ते धरून बसू नको. परीक्षा संपायची वाट पाहू नको, कुलदीपला त्याच्या वडिलांजवळ ठेव आणि पत्र वाचलं की नीघ. आईनं मला बजावलं आहे, पोरीला बोलवायचं नाही, नातवाचं वर्ष वाया जाईल. म्हणून हे पत्र आलं होतं असं सांगू नको, सहज आले म्हण. "पोराची परीक्षा सोडून काऊन आली?" म्हणून ती रागावेल. रागावू दे. रागावण्याएवढी ताकद तिच्यात आहे तोवर ये.

तुझाच,
बाबा