वाळूतलं गोड पाणी

तीर्थरूप आईस, आर्णीहून शुभदाचा वाकून नमस्कार.

तुझा गुडघा कसा आहे? दर फोनला म्हणतेस, "जावई गेले, आता तिथे तुझं कोण आहे? बदली मागून परत ये." म्हणून कालचं सांगते.

शाळेतल्या तरुण शिक्षिका, राखी आणि खुशी, मला ओढतच नदीवर घेऊन गेल्या. इथली पोरं त्या वाळूच्या काठाला 'बीच' म्हणतात. पाटी नाही, दुकान नाही, नुसत्या दुचाकी आणि हसणं. तहान लागली तेव्हा राखीने हातानेच वाळूत खड्डा केला. त्याला झिरा म्हणतात. गढूळ पाणी उपसल्यावर नितळ पाणी भरलं. ती प्यायला वाकली, तशी मी आपल्याकडच्या सवयीने ओरडले, "अगं, खारट असेल!"

"समुद्र तिकडं वेंगुर्ल्याले राह्यला, मॅडम!" खुशी म्हणाली. "पिऊन तर पाहा न!"

गोड होतं गं. आम्ही तिघी पोट धरून हसलो. हसता हसता मला रडू आलं, तर राखी पाठीवरून हात फिरवत राहिली.

या वर्षी बदली मागत नाही, आई. रागावू नकोस. मे महिन्यात तुझ्याकडे येईन, आणि परतताना तुला इकडे घेऊन येईन.

तुझीच,
शुभदा